वहीतलं "बरी आहे"

आक्का,

तुमच्या बाराव्याला पंक्तीत लोक हसत होते. हे तुम्हाला आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे तोंड पाडून जेवले. वरच्या घरातले तात्या घास हातात धरून सांगत होते, की तुम्ही एकदा मुंबईच्या एस.टी.त फणस चढवलात आणि कंडक्टर ओरडला तेव्हा फणसाचं अर्धं तिकीट मागितलंत. मग फणस गणपतीपुळ्याचा होता की देवरूखचा यावरून पंक्तीतल्या दोघांचं भांडण लागलं. मी वरण वाढत होते. तो फणस आपल्याच परसातला होता आणि मी तुमच्या शेजारी पदर तोंडावर घेऊन बसले होते, हे मी सांगितलं नाही. मी कधी काय सांगते?

प्रत्येकाकडे तुमची एक गोष्ट आहे. माझ्याकडे जी आहे ती पंक्तीत सांगण्यासारखी नाही, कारण तिच्यात मी चुकले आहे. तुम्हाला ती माहीत होती आणि मला माहीत होती. पाच वर्षं आपण दोघी एका चुलीपुढे बसलो, पण तिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आता काढते. वैशू शाळेत गेली आहे आणि हे कामावर मिरजोळ्याला. घरात मांजर आहे फक्त.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला सगळ्यांनी तुमची भीती घातली होती. नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिलेली नणंद, जिभेला हाड नाही, जरा जपून रहा. आठ दिवस मी मान वर केली नाही. नवव्या दिवशी तुम्ही मला विहिरीवर गाठलंत आणि म्हणालात, "शालन, तू बोलत नायस ना? मग नको बोलू. मी दोघींचा बोलीन." आणि खरंच बोललात. रेशनवर, दवाखान्यात, वैशूचं नाव शाळेत घालताना. मास्तरांनी मुलीच्या आईचं शिक्षण विचारलं, तर मी चौथी म्हणायच्या आत तुम्ही, "चौथी, पण अक्षर मोत्यांसारखा," असं सांगून मोकळ्या झालात. स्वतः अंगठा उठवायचात, पण माझ्या अक्षराचा तोरा तुम्हालाच जास्त.

वैशू सहा वर्षांची असताना तिच्या पायांवर निळे डाग यायला लागले. मला वाटलं खेळताना आपटते. मग ताप आला आणि हिरड्यांतून रक्त. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद घडी करून पाकिटात घातला आणि ह्यांना म्हणाले, आजच्या आज मुंबईला न्या. कारखान्यात ह्यांची नोकरी नवी होती, रजा मिळेना. म्हणून आपण दोघी गेलो. मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे आणि फार झपाट्यानं वाढणारा आहे. मी खाली बसले. तुम्ही उभ्याच राहिलात आणि विचारलंत, "औषध हाय की नाय तेवढा सांगा."

त्या डॉक्टरबाई मला अजून तशाच दिसतात. बारीक चणीच्या, दोन वेण्या घातल्या तर शाळेतल्या वाटतील अशा. त्यांनी आपल्याला बाकावर बसवून नीट समजावलं. जुन्या औषधांनी अशी मुलं थोडे दिवस बरी दिसायची आणि मग जायची. आता बाहेरदेशी बरीच औषधं एकत्र, जोरात, ठरलेल्या क्रमानं देऊन पाहतात, तिकडे मुलं वाचायला लागली आहेत. तीच पद्धत त्या इथे सुरू करत होत्या. "पण तिकडची मुलं अंगानं भरलेली असतात," त्या म्हणाल्या. "आपल्या मुलांना हे किती झेपतं, ते आम्हाला अजून माहीत नाही. ते आम्ही मुलांकडून आणि तुमच्याकडून शिकणार. म्हणून काहीही झालं तरी सांगायचं. लहानसं असलं तरी."

त्यांनी मला एक वही दिली. रोज काय खाल्लं, ताप किती, उलटी झाली का, कुठं दुखलं, सगळं लिहायचं. वैशूच्याच नाही, त्या नव्या पद्धतीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी अशी वही होती. संमतीच्या कागदावर अंगठा तुम्ही उठवलात, सही मी केली, आणि आपण तिघी त्या संशोधनात शिरलो. हा शब्द तुम्ही लगेच उचललात. गावाला गेल्यावर सांगत सुटलात, "आमची वैशू संशोधनात हाय," जशी काही तिला नोकरी लागली.

ते चार महिने वाईट होते. तरी आक्का, आठवायला बसलं की मला आधी तुमचं सोललेल्या नारळांचं दुकान आठवतं. औषधांनी सगळ्या मुलांचे केस गेले होते. वॉर्डात तुळतुळीत डोकी, आया रडतात, मुलं टोपी ओढून बसतात. तुम्ही एका सकाळी वैशूच्या डोक्यावर बोटानं टिचकी मारलीत, कान लावलात आणि म्हणालात, "ह्यात पाणी बक्कळ हाय. हा शहाळा." शेजारच्या खाटेवरचा मुलगा टोपी काढून म्हणाला, माझं बघा. त्याला तुम्ही सांगितलंत, "तुझ्यात खोबरा झाला, तू आता किसायला." तासाभरात रांग लागली. एक मद्रासी मुलगी होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं, तीसुद्धा डोकं पुढे करून उभी. सिस्टर रागावायला आल्या आणि त्यांच्याही डोक्यावर तुम्ही टिचकी मारलीत.

आणि ती भूक. एका गोळीनं वैशूला अशी भूक लागायची की पहाटे उठून माशाचं कालवण मागायची. तुम्ही पिशवीत सुकट लपवून आणली होती. ती आपण उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या स्टोव्हवर परतलीत आणि सगळ्या मजल्यावर वास सुटला. शेजारच्या खोलीतल्या गुजराती बाई तक्रार करायला निघाल्या त्या तुमच्याशी गप्पा मारत बसल्या. त्यांनी नाकाला पदर लावला होता, पण बसल्या.

आता वहीकडे येते. यायलाच हवं.

वही मीच लिहायची. संध्याकाळी तुम्ही विचारायचात, आज काय लिवलास? मी वाचून दाखवायची : बरी आहे. दुसऱ्या दिवशी : बरी आहे. तुम्ही म्हणायचात, "आणि सकाळची उलटी कुठं गेली? वहीत बसली नाय काय?" मग मी उलटी लिहायची, तीही एकच, झालेल्या तीनपैकी. मला लबाडी करायची नव्हती. कुणी विचारलं कसं आहे, तर बरं आहे म्हणायचं, हेच मला आईनं शिकवलं होतं. मोठ्या माणसाच्या तोंडावर आपलं दुखणं मांडायचं नाही. डॉक्टरबाई एवढ्या धडपडतात आणि आपण रोज त्यांच्यापुढे नवं रडगाणं न्यायचं, मला ते बरं वाटेना.

पण हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

शेजारच्या खाटेवरचा तो मुलगा, ज्याच्यात खोबरं झालं होतं, त्याला कावीळ झाली. लिव्हरला औषधं सोसेनात म्हणून त्याची नवी औषधं बंद केली. त्याची आई जिन्यात बसून मला म्हणाली, मीच सांगितलं हो त्याचे डोळे पिवळे दिसतात म्हणून, मीच सांगितलं. ती माणसं गावाला गेली आणि परत आली नाहीत. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. जो सांगतो त्याच्या मुलाचं औषध बंद होतं. वैशूचं मी बंद होऊ देणार नव्हते.

गणपतीला डॉक्टरबाईंनी आपल्याला घरी सोडलं, आणि पुढे महिन्यातून एकदा बोलावलं. वाडीत गणपती बघायला हिंडताना वैशूची एक चप्पल मागे राहिली. ती तशीच दहा पावलं पुढे गेली, एक पाय चपलेत, एक उघडा, आणि तिला कळलंच नाही. मी चप्पल उचलून तिच्या पायात घातली. दुसऱ्या घराशी पुन्हा तेच. चालताना तिचं पाऊल फटक फटक आपटायचं, पुढचा भाग वर उचलायचाच नाही. मला कळलं की हे औषधानं होतंय. दुसऱ्या आठवड्यात मी रत्नागिरीच्या बाजारातून तिला पट्ट्याच्या सँडल आणल्या. पट्टे घट्ट आवळले की निसटत नसत. वैशू लाल सँडल मिळाल्या म्हणून खूश, वाडी म्हणाली आजारातून उठली म्हणून आईनं कौतुक केलं. वहीत मी लिहिलं, बरी आहे.

तुम्हाला न्हाणीघरात कळलं. उकळतं पाणी फरशीवर सांडलं, त्यात वैशू उभी, आणि गाणं म्हणते आहे. तुम्ही तिला उचलून बाहेर काढलीत. तळवे लाल झाले होते आणि ती तुम्हाला विचारत होती, "आत्ये, काय झालं?" त्या रात्री तुम्ही मला एवढंच म्हणालात, डॉक्टरणीला सांगायचा. मी म्हटलं, सांगते.

दसऱ्यानंतरची ती खेप. डॉक्टरबाईंनी वही चाळली, हसल्या, म्हणाल्या, वैशूच्या आईची वही सगळ्यात स्वच्छ. मग विचारलं, कशी आहे? तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी तुमच्याकडे न बघता म्हटलं, "बरी आहे."

तुम्ही काही बोलला नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. खाली वाकलात, वैशूच्या सँडलचे पट्टे सोडलेत, त्या बाजूला ठेवल्यात आणि तिला म्हणालात, "चल बाय, त्या खिडकीपर्यंत जाऊन ये."

फटक, फटक, फटक. त्या खोलीत मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरबाई उठून जमिनीवर बसल्या. तिच्या तळव्याला टाचणी लावून बघितली, टाचांवर चाल म्हणाल्या, तिला जमेना. कधीपासून, असं विचारलं. मी भिंतीकडे बघत होते. तुम्ही सांगितलंत, "गणपतीपासून. हिला ठाव होता. हिच्यावर रागावू नका, पोर मरंल म्हणून घाबरलीय ती."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ती स्वच्छ वही पुन्हा उघडली आणि पहिल्या पानापासून एकेक "बरी आहे" वर बोट ठेवत मला विचारत गेल्या, इथे खरं काय होतं? मी सांगत गेले. एवढी लाज मला कधी वाटली नाही. शेवटी त्या म्हणाल्या की एका औषधानं नसा बधिर होतात, ते औषध थोडं कमी करायचं, बाकी सगळं चालू राहील. पाय हळूहळू परत येतील. अजून दोन महिने असंच गेलं असतं तर कदाचित आले नसते.

बंद नाही केलं, आक्का. नुसतं कमी केलं. मी ज्याला भीत होते ते झालंच नाही. मग मला हलकं वाटायला हवं होतं. मला तुमचा राग आला. परक्या माणसासमोर माझं पितळ उघडं पाडलं, आणि वैशू सँडल हातात घेऊन माझ्याकडे नाही, तुमच्याकडे पळाली.

परतीच्या एस.टी.त मी तोंड फिरवून बसले होते. तुम्ही खिडकीला सांगावं तसं सांगत होता. तुमच्या लहानपणी शेतकीचा साहेब भाताचं नवं बियाणं घेऊन आला. एका कुणग्यात, शेताच्या एका तुकड्यात, लावून बघा, कसं येतं ते मला कळवा म्हणाला. निम्म्या लोंब्या पोचट निघाल्या. पण साहेब उन्हातून चालत आलेला, त्याला वाईट कसं वाटू द्यायचं, म्हणून तुमच्या बाबांनी शहाळं पुढे केलं आणि सांगितलं, चांगलं आलं. साहेबानं तसं लिहून नेलं. दुसऱ्या वर्षी वाडीतल्या सगळ्या घरांनी तेच बी लावलं. "वर्षभर नाचणी खाल्ली गो सगळ्यांनी," तुम्ही म्हणालात. "बाबा गोड माणूस. त्यांच्या गोडपणानं वाडी उपाशी ऱ्हायली. त्या वहीतून डॉक्टरीण पुढच्या पोरांना औषध देणार हाय, शालन. तुझ्या एकटीच्या पोरीची वही नाय ती."

मला पटलं होतं. तिथेच, चिपळूणच्या अलीकडे. पण मी तोंड फिरवलेलंच ठेवलं, आणि मग ते वळवायचं कसं ते मला कळेना.

महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मी तशीही कमीच बोलते, त्यामुळे ह्यांच्या लक्षातही आलं नाही. तुमच्या मात्र आलं. तुम्ही मांजराशी बोलायला लागलात. "मनी, सांग तुझ्या मालकिणीला, आमटीत मीठ नाय." "मनी, विचार तिला, अळणी खायला मी काय डोंबल आजारी हाय?" मला हसू यायचं आणि मी चुलीत तोंड घालून फुंकर मारत बसायची. दिवाळीसुद्धा मनीच्या मध्यस्थीनं झाली. करंज्या तुम्ही लाटल्यात, मी भरल्या, आणि बिघडल्या त्या मनीमुळे असं तुम्ही ठरवलंत.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलात सिस्टरनी वैशूच्या तपासणीचा नवा छापील कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही तो उलटा धरून बघत होता. आजूबाजूला मनी नव्हती. मी कागद घेतला, सुलटा केला आणि वाचला. ताप, वजन, तोंडातले फोड, हे सगळं पूर्वीसारखंच. खाली एक नवी ओळ छापली होती : चप्पल काढून चालवून पाहिले का?

मी मोठ्यानं वाचली. तुम्ही म्हणालात, परत वाच. मी परत वाचली. सिस्टर सांगत होत्या, आपण गेल्यावर डॉक्टरबाईंनी सगळ्या मुलांना अनवाणी चालवून पाहिलं. आणखी दोघांचे पाय तसेच निघाले. एका आईनं मुलाची चप्पल रिबिनीनं बांधली होती. दुसरी आपल्या मुलाला कडेवरून खालीच उतरू देत नव्हती. त्यांच्याही वह्या स्वच्छ होत्या. तुम्ही तिसऱ्यांदा वाचायला लावलीत, आणि मग म्हणालात, "छापून आला. मला वाचता येत नाय नि मी लिवलेला छापून आला." आपण पुन्हा बोलायला लागलो. पण कशावरून थांबलो होतो, त्यावर मी कधीच आले नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. थट्टा सगळ्या गोष्टींची केलीत, ह्या एका गोष्टीची नाही. ते मला समजत होतं.

वैशूचे पाय परत आले. औषधं संपली, केस आले, तेही कुरळे. तुम्ही म्हणालात शहाळ्याला शेंडी फुटली. आता ती पाचवीत आहे, माझ्याहून एक यत्ता पुढे, आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढते. तुम्ही गेलात त्या दुपारी ती तुमच्या पायाशी बसून गणितं करत होती. तुम्ही जेवलात, पडलात, ती म्हणाली आत्ये घोरत नाही. मी म्हटलं, झोपू दे. असं सहज जाता येतं हे मला माहीत नव्हतं. मला तुमच्याशी बोलायचं होतं, पण ते काय, मला चौदा वर्षं बोलायचं होतं.

बारावं झाल्यावर वर्षाची तपासणी होती. पहिल्यांदा मी एकटी वैशूला घेऊन मुंबईला गेले. डॉक्टरबाईंनी दारातच विचारलं, आत्याबाई कुठे? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग वैशूला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि मला विचारलं कशी आहे. मी सांगितलं की डोकं दुखतं कधीकधी, पाढे विसरते, उजव्या पायाचा अंगठा थंडीत अजून बधिर होतो, तुमच्या आठवणीनं जेवत नाही. त्या लिहीत होत्या. सगळं लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, माझं एक काम कराल? ज्या मुलांचा आजार उलटून येतो, त्यांच्यासाठी मी आता आणखी एक नवं औषध सुरू केलंय. बाहेर बाकावर एक बाई आहे, तिचा मुलगा त्यात आहे. मी काही विचारलं की बरा आहे म्हणते. तुम्ही जरा बसा तिच्याजवळ. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. बोलायच्या त्या आमच्या आक्का. त्या म्हणाल्या, नुसत्या बसा.

बसले. माझ्याहून लहान मुलगी होती, कुठल्याशा दुष्काळी भागातली. चार वर्षांचा मुलगा मांडीवर झोपलेला. पाव तास आम्ही दोघी समोरच्या पाण्याच्या पिंपाकडे बघत होतो. तुम्ही असता तर एव्हाना तिच्या सासूचं नावसुद्धा तुम्हाला कळलं असतं. शेवटी जे माझ्याजवळ होतं तेच मी सांगितलं.

"मी माझ्या मुलीचं डॉक्टरांपासून लपवलं होतं. चुकलं माझं. माझ्या नणंदेनं सांगितलं, म्हणून ती आज चालते."

तुमच्यासमोर जे कधी निघालं नाही ते त्या अनोळखी मुलीसमोर निघालं. तुम्ही याला हसाल. हसा. पण ऐका, पुढे काय झालं. मुलाच्या तोंडावरचा पदर बाजूला करून ती हळूच म्हणाली की याला चार दिवस गिळता येत नाही, आतून सगळं सोललंय, मी दूधसुद्धा थेंबाथेंबानं घालते. आणि मग ती बोलायलाच लागली. मुलाचं, औषधाचं, घरच्यांचं, कुणाला न सांगितलेलं सगळं. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि लिहायला लागल्या, तरी ती थांबेना. मला मध्ये एक शब्दही घालावा लागला नाही. मी नुसती ऐकत बसले, आक्का. तेवढं मला चांगलं येतं. चौदा वर्षं तुमच्याजवळ तेच तर केलं.